बिशपचा आठवडा: बिनपगारी सेवेत नेमका किती वेळ जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका ताईंची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीजवळ, स्थायिक झाली आहे. जावई मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या घराण्यातले असून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि गेल्या महिन्यात त्यांना त्यांच्या वॉर्डाचे, म्हणजे स्थानिक मंडळीचे, बिशप (प्रमुख) करण्यात आले. मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ताई डिसेंबरात तिकडे जाणार आहेत. या कामाला पगार नाही, तरी रविवारी जावई घरात दिसत नाहीत आणि आठवड्यातल्या आणखी दोन संध्याकाळी बाहेर जातात. यात एकूण वेळ किती जातो, हे पाच वर्षे असेच चालणार का, आणि त्यांना नाही म्हणता आले नसते का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी स्वतः २०१५ ते २०२० अशी पाच वर्षांहून थोडी अधिक सॉल्ट लेक खोऱ्यातल्या एका वॉर्डाचा बिशप होतो. त्याआधी तीन वर्षे बिशपचा काउन्सेलर, म्हणजे मदतनीस, होतो, आणि सध्या स्टेकच्या, म्हणजे काही वॉर्डांच्या गटाच्या, हाय कौन्सिल या सल्लागार मंडळात असल्यामुळे नव्या बिशपांची पहिली दोन वर्षे जवळून पाहायला मिळतात. मी मूळचा नाशिकचा, एम. एस. करण्यासाठी युटामधल्या लोगनला आलो आणि इथेच या पंथात आलो. पोटापाण्याचे काम पुलांचे आराखडे करण्याचे. आमच्या व्यवसायात प्रत्येक पंधरा मिनिटांचा हिशोब टाइमशीटवर भरावा लागतो, आणि त्या सवयीने बिशप झाल्यावर पहिले वर्षभर मी या कामाचेही टाइमशीट एका वहीत ठेवले होते.

त्या वहीनुसार माझा सर्वांत हलका आठवडा ११ तासांचा होता, सर्वांत जड ३८ तासांचा, आणि बहुतेक आठवडे २० ते २५ तासांच्या दरम्यान होते. म्हणजे चाळीस तासांच्या नोकरीच्या शेजारी अर्धी नोकरी आणखी. शेवटच्या दोन वर्षांत मी वही ठेवत नव्हतो, पण माझा आठवडा १४-१५ तासांवर आला होता असे मला वाटते. वॉर्ड तोच, माणसेही बहुतेक तीच. फरक कुठे पडला ते पुढे सांगतो, कारण आपल्या जावयांच्या उपयोगाचे तेवढेच आहे.

आधी रचना. चर्चचे पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. ‘मॉर्मन’ हा शब्द टाळावा असे चर्चने २०१८ पासून आग्रहाने सांगितले आहे, पण आपल्याकडे ओळखीचा तोच आहे, म्हणून इथे वापरतो. स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात आणि काही वॉर्ड मिळून एक स्टेक होतो. कोणी कोणत्या वॉर्डात जायचे हे घराच्या पत्त्यावरून ठरते. बिशपच्या हाताखाली दोन काउन्सेलर, एक एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरी आणि एक क्लार्क असतो, आणि यांतल्या कोणालाही दमडी मिळत नाही. धर्मशास्त्राचे शिक्षणही लागत नाही; माझ्या आधीचे बिशप दातांचे डॉक्टर होते, नंतरचे नळजोडणीचा व्यवसाय करतात. मिट रॉम्नी हे नाव आपण ऐकले असेल. राजकारणात येण्यापूर्वी ते मॅसॅच्युसेट्समधल्या बेलमाँटला बिशप आणि पुढे १९९४ पर्यंत बॉस्टनचे स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे स्टेकचे प्रमुख, होते, तेही आपला व्यवसाय सांभाळून. येण्याजाण्याचे पेट्रोलही बहुतेक जण स्वतःच्या खिशातून घालतात. अशा सेवेसाठी अमेरिकेच्या आयकरात मैलामागे १४ सेंट वजावट मिळते, ती मागणारा बिशप मला अजून भेटलेला नाही.

१८३१ च्या फेब्रुवारीत एडवर्ड पार्ट्रिज या टोप्यांच्या व्यापाऱ्याला चर्चचा पहिला बिशप नेमले, तेव्हा दुकान सोडून सगळा वेळ चर्चच्या कामाला द्यावा अशी आज्ञा त्याला झाली होती, असे आमच्या धर्मग्रंथात नोंदलेले आहे. आजच्या बिशपला बरोबर उलटे सांगतात: नोकरी सोडू नका, घराकडे दुर्लक्ष करू नका, आणि उरलेल्या वेळात हे करा. ज्या घरात एक लहान मूल आहे आणि दुसरे येऊ घातले आहे, तिथे उरलेला वेळ कुठून काढायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

जावई रविवारी का दिसत नाहीत, ते पाहू. आमची मुख्य सभा, म्हणजे सॅक्रामेंट मीटिंग, सकाळी नऊला असे त्या वर्षी मी साडेसहाला घर सोडत असे. आधी काउन्सेलर आणि सेक्रेटरी यांच्याबरोबर बिशपरिकची बैठक, मग वेगवेगळ्या संघटनांच्या प्रमुखांबरोबर वॉर्ड कौन्सिल, मग सभा. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण बिशप दर रविवारी प्रवचन देत नाही. भाषणे वॉर्डातलीच माणसे करतात, अगदी चौदा वर्षांची मुलेसुद्धा, आणि बिशपने व्यासपीठावर बसून ती ऐकायची असतात. १९८० पासून रविवारचा कार्यक्रम तीन तासांचा होता, तो जानेवारी २०१९ पासून दोन तासांचा झाला: तासभर सॅक्रामेंट मीटिंग आणि पन्नास मिनिटांचा वर्ग. घरोघरी आनंद झाला, पण बिशपचा रविवार काही तासाभराने आखडला नाही. मोकळ्या झालेल्या तासात सेक्रेटरीने माझ्या आणखी चार भेटी बसवल्या.

कारण बिशपचा खरा रविवार सभा संपल्यावर सुरू होतो. क्लार्क आणि एक काउन्सेलर अशी दोन माणसे मिळून देणगीची पाकिटे उघडून मोजत असतात, आणि बिशपच्या खोलीबाहेरच्या बोळात तीन-चार खुर्च्यांवर लोक वाट पाहत बसलेले असतात. कोणाला टेंपल रेकमेंड हवे असते, म्हणजे मंदिरात प्रवेशाचा परवाना. तो दोन वर्षे चालतो आणि दर वेळी मुलाखतीनंतरच मिळतो. वॉर्डातल्या प्रत्येक किशोरवयीन मुलामुलीला वर्षातून किमान एकदा बिशपने स्वतः भेटायचे असते. कोणी नोकरी गेल्याचे सांगायला आलेला असतो, कोणी गंभीर चूक कबूल करायला. सेक्रेटरीने प्रत्येकाला पंधरा मिनिटे दिलेली असतात. माझ्या टेबलावर एक घड्याळ आणि टिश्यू पेपरचा डबा असे. डब्याकडे हात गेला की घड्याळ बघणे बंद करायचे, हे मी दुसऱ्याच महिन्यात शिकलो. बाहेरच्या तिघांना मग सेक्रेटरी हळूच सांगे की आज उशीर होईल, हवे तर मंगळवारी या. घरी पोचायला साडेतीन-चार वाजत. संध्याकाळी सातला पुन्हा तरुणांचा एखादा कार्यक्रम. एकूण आठ-नऊ तास रविवारीच जात.

आठवड्यातल्या ज्या दोन संध्याकाळी आपण म्हणता, त्यांतली एक बहुधा बुधवारची असेल, तरुणांच्या उपक्रमांची; दुसरी उरलेल्या मुलाखतींची. सोमवार मात्र त्यांना घरी मिळायलाच हवा. सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवायची आणि त्या वेळी चर्चची कोणतीही बैठक घ्यायची नाही, हा नियम आमच्याकडे जुना आहे, आणि बिशपच तो पाळत नसेल तर त्याला घरच्यांनी टोकायला हरकत नाही.

इथवरचा वेळ दिनदर्शिकेत मांडता येतो. माझ्या वहीतल्या ३८ तासांच्या आठवड्यात जे घडले, त्यातले जवळजवळ काहीच दिनदर्शिकेत नव्हते. दोन मृत्यू झाले होते. अंत्यविधीची सभा बिशप चालवतो, त्याआधी घरी जाऊन बसतो, मुलांचे आपसात पटत नसेल तर कोण काय बोलणार हे ठरवून देतो, आणि दफनभूमीपर्यंत जातो. एका मृत्यूमागे आठ-दहा तास सहज लागतात आणि निम्मे कामाच्या वेळेत येतात, म्हणजे नोकरीतली रजा जाते. दुःखातल्या घरासाठी जेवणाची सोय मात्र स्त्रियांची संघटना, रिलीफ सोसायटी, इतक्या सराईतपणे करते की बिशपला विचारावेही लागत नाही. आपल्याकडे अशा घरी शेजारून पिठलं-भात येतो. इथे बटाटे, चीज आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घालून भाजलेला एक पदार्थ येतो, त्याला लोक सरळ ‘फ्युनरल पोटॅटोज’ म्हणतात.

त्याच आठवड्यात मंगळवारी रात्री दहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. तपशील बदलून सांगतो. दारात उभ्या असलेल्या गृहस्थांना मी चार वर्षे ओळखत होतो, आणि त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. ते आत येऊन बसले, हवापाण्याचे बोलले, मुलांचे विचारले, आणि वीस मिनिटांनी खिशातून चार घड्या घातलेले पाकीट काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. वीज तोडण्याची नोटीस होती, मुदत दुसऱ्या दिवशीची. पाकिटावरच्या शिक्क्यावरून दिसत होते की ते पाकीट बारा दिवस त्यांच्या खिशात होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन वेळचे जेवण सोडतो आणि त्याचे पैसे फास्ट ऑफरिंग म्हणून देतो. त्या निधीतून मदत करण्याचा अधिकार बिशपचा असतो. पैसे हातात द्यायचे नसतात, वीज कंपनीला किंवा घरमालकाला परस्पर भरायचे असतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावरून वीज कंपनीला फोन लावून चाळीस मिनिटे त्यांचे संगीत ऐकले. शनिवारी त्या पती-पत्नींबरोबर त्यांच्या खर्चाचा कागद मांडला, किराण्यासाठी बिशप्स स्टोअरहाउस या चर्चच्या मदत-कोठाराकडची मागणी रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षांकडे सोपवली. वहीत या सगळ्याची नोंद झाली साडेपाच तास. ते बारा दिवस आधी आले असते तर दोन तासांत झाले असते. पण लोक आधी येत नाहीत, रात्री दहालाच येतात, आणि ते कधी येतील याचे वेळापत्रक बिशपच्या हातात नसते.

आता माझी चूक सांगतो, कारण नवा बिशप बहुधा हीच करतो. पहिल्या वर्षी एक जोडपे घटस्फोटाच्या उंबरठ्यावर होते. मी नऊ आठवडे दर गुरुवारी त्यांच्याबरोबर दोन तास बसलो. मी पुलांचा इंजिनिअर. तुळईवर भार किती येईल ते मला कळते, नवरा-बायकोच्या भांडणात काय करावे याचे मला काडीचे शिक्षण नव्हते. सतरा-अठरा तास गेले आणि परिस्थिती होती त्याहून बिघडली. आमच्या स्टेक प्रेसिडेंटनी एवढेच विचारले, की हे तुमच्याशिवाय आणखी कोणी केले असते का? व्यावसायिक समुपदेशकाकडे त्यांना पाठवता आले असते, आणि त्याची फी परवडत नसेल तर तीही फास्ट ऑफरिंगमधून देता आली असती. मला हे माहीत होते, पण बिशप म्हणजे प्रत्येक दार आपणच उघडायचे असा माझा समज होता. खरे बोलायचे तर त्यात थोडा अहंकारही होता. आपली गरज इतरांना भासते हे कोणाला आवडत नाही?

त्यानंतर मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नोंदीसमोर खूण केली: हे फक्त बिशपच करू शकतो, की दुसरे कोणी? फक्त बिशपच्या वाट्याला राहिले ते असे: पापाची कबुली ऐकणे, मदतीच्या पैशाचा निर्णय, तरुणांच्या भेटी, पहिल्यांदाच मंदिरात जाणाऱ्यांच्या मुलाखती, आणि वर्षअखेरचा दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या देणगीचा, हिशोब. परवान्याच्या साध्या नूतनीकरणाच्या मुलाखती काउन्सेलर घेऊ शकतात. आजारी माणसाकडे जाणे, घर बदलणाऱ्याला मदत, नोकरी शोधणे, बहुतेक प्रौढांचे सल्लामसलतीचे प्रश्न हे एल्डर्स क्वोरमचे (प्रौढ पुरुषांच्या संघटनेचे) आणि रिलीफ सोसायटीचे अध्यक्ष पाहू शकतात, आणि अनेकदा अधिक चांगले पाहतात. वहीतल्या निम्म्याहून थोड्या कमी तासांसमोर ‘दुसरे कोणी’ अशी खूण झाली.

पुढे चर्चनेही त्याच दिशेने पावले टाकली. २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले की जानेवारी २०२० पासून वॉर्डातील यंग मेन प्रेसिडेंसी, म्हणजे किशोरवयीन मुलग्यांचे काम पाहणारे वेगळे पदाधिकारी, राहणार नाहीत. मुलांची जबाबदारी बिशप आणि त्याचे काउन्सेलर थेट घेतील आणि त्याबदल्यात प्रौढांची बरीचशी कामे दुसऱ्या दोन अध्यक्षांकडे जातील. २०१९ संपता संपता बॉय स्काउट्सशी असलेला जुना संबंधही संपला, त्यामुळे त्याच्या शिबिरांचा आणि बैठकांचा वेळ सुटला. हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र काही वॉर्डांत तरुणांचे काम वाढले आणि प्रौढ लोक सवयीने बिशपचेच दार वाजवत राहिले, म्हणजे भार दोन्हीकडून आला. ‘हे एल्डर्स क्वोरमच्या अध्यक्षांना सांगू या का?’ असे न दुखावता म्हणता येणे हे कौशल्य आहे, आणि ते यायला आपल्या जावयांना सहा महिने तरी द्यावेत. युटात आणखी एक अडचण असते. वॉर्ड चार-सहा गल्ल्यांचा, त्यामुळे गाडी फार चालवावी लागत नाही, पण दूध आणायला गेले तरी रांगेत कोणीतरी ‘बिशप, एक मिनिट’ म्हणतेच.

टाइमशीट मी वर्षभराने बंद केले त्याला एक कारण घडले. एका रात्री मी जेवणाच्या टेबलावर बसून दिवसाचे आकडे भरत होतो. बायकोने विचारले, “आत्ता जेवताना वीस मिनिटं तू एक शब्द बोलला नाहीस, तो वेळ कुठल्या रकान्यात लिहिणार?” त्या दिवशी दुपारी मी एक कबुली ऐकली होती आणि ती तिला सांगता येत नव्हती, अजूनही सांगितलेली नाही. बिशपने ऐकलेले बायकोलाही सांगायचे नसते. माझ्या मते या सेवेत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो: माणूस घरी असतो, पानावर बसलेला असतो, आणि मन त्या खोलीत राहिलेले असते. आपल्या मुलीला एवढे नक्की सांगा, की जावई गप्प असतील तर त्याचा संबंध तिच्याशी असेलच असे नाही. आमच्याकडे यावर निघालेला तोडगा अगदी साधा होता. ‘आज जड दिवस होता’ एवढे एक वाक्य मी सांगायचे आणि तिने पुढे विचारायचे नाही. मात्र ते वाक्य न सांगता गप्प बसायचे नाही, ही अट होती.

नाही म्हणता आले असते का? आले असते. बिशपचे नाव स्टेक प्रेसिडेंट सुचवतात, सॉल्ट लेकहून फर्स्ट प्रेसिडेंसीची, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाची, मंजुरी येते, मग स्टेक प्रेसिडेंट पती-पत्नी दोघांना बोलावून विचारतात. त्यानंतर वॉर्डातल्या लोकांपुढे नाव मांडले जाते आणि ते हात वर करून संमती देतात. नकार दिल्याने सदस्यत्वाला बाधा येत नाही. पण लहानपणापासून ‘बोलावणे आले की जायचे’ हे ऐकत वाढलेला माणूस नाही म्हणत नाही, आणि बोलावताना आपली मुलगी तिथे शेजारी बसलेली असणार. तिला काय वाटले ते तिलाच विचारावे. पाच वर्षे हा साधारण प्रघात आहे. आजारपण, नोकरीतली बदली किंवा घरची अडचण असेल तर आधीही मोकळे करतात. माझ्या पाहण्यात दोघांनी तशी विनंती केली आणि दोघांनाही सन्मानाने मोकळे केले गेले.

राहिला डिसेंबर, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे तेच. वर्षाच्या अखेरीस प्रत्येक कुटुंब बिशपला भेटून आपण वर्षभरात उत्पन्नाचा दहावा भाग दिला की नाही ते सांगते. आमच्या वॉर्डात सव्वाशे घरे होती; एका घराला दहा मिनिटे धरली तरी एकवीस तास होतात, आणि पहिल्या वर्षी मी ते सगळे डिसेंबरच्या तीन रविवारांत कोंबले होते. बाळंतपण त्याच महिन्यात असेल तर जावयांनी या भेटी आत्तापासूनच सुरू कराव्यात. त्या डिसेंबरातच व्हायला हव्यात असे नाही, आधीच्या महिन्यांतही घेता येतात. बाळ येईल त्या आठवड्यात सभा काउन्सेलर चालवू शकतात, आणि त्या आठवड्यापुरता फोन सेक्रेटरीकडे द्यावा. वॉर्डातली माणसे याला कुरकुरत नाहीत, उलट आपण पोचण्यापूर्वीच फ्रिज डब्यांनी भरून ठेवतील; त्यात भाज्यांपेक्षा चीज जास्त असेल, तेवढी तयारी ठेवा. बाळाचे नाव ठेवून आशीर्वाद देण्याचा विधी बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी सभेतच होतो आणि तो वडील स्वतः करतात. तिकीट काढताना तेवढा रविवार धरून काढा. त्या दिवशी जावई व्यासपीठावरून खाली येऊन बाळाला हातात घेतील.

आणि तोवर फोनवर त्यांच्याशी निवांत बोलायचे असेल तर रविवारी प्रयत्न करू नका. तिकडची सोमवार संध्याकाळ म्हणजे आपली मंगळवारची सकाळ. हिवाळ्यात साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणून साडेसात-आठच्या सुमारास, चहाच्या वेळी, फोन करा.